डेस्कटॉप आणि लॅपटॉप प्रोसेसरची तुलना: आधी वॅट बघा, मग गुण

‘माझ्या लॅपटॉपात आय७ आहे आणि भावाच्या डेस्कटॉपात आय५. तरी त्याचा व्हिडिओ एक्स्पोर्ट आधी संपतो. माझा लॅपटॉप खराब निघाला का?’ हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. लॅपटॉप बहुतेक वेळा ठणठणीत असतो, चुकलेली असते ती तुलना. नावाची नावाशी तुलना करून काही कळत नाही. चिपला किती वीज मिळते आणि त्यातून होणारी उष्णता बाहेर किती वेगाने जाते, यावर कामाचा वेग ठरतो. या दोन्ही गोष्टी डेस्कटॉपात आणि लॅपटॉपात मुळातच वेगळ्या असतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बरेच जण थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारतात, बेंचमार्क (वेग मोजून गुण देणारी चाचणी) चालवतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात.

## टप्पा १: काम ठरवा आणि कागदावर लिहा

‘कोणता प्रोसेसर वेगवान?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माझं अमुक काम कोणता आधी संपवतो?’ याला आहे. तुमची दोन-तीन खरी कामं लिहून काढा आणि प्रत्येक काम कोणत्या गटात बसतं ते शेजारी लिहा.

पहिला गट थोडा वेळ, एक-दोन कोअरवर (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) चालणाऱ्या कामांचा: ब्राउझर, स्प्रेडशीट, फोटोवरचे साधे बदल. दुसरा गट सगळे कोअर बराच वेळ राबवणाऱ्या कामांचा: व्हिडिओ एन्कोडिंग, थ्रीडी रेंडरिंग, मोठा सोर्स कोड कंपाइल करणं. तिसरा गट गेमिंगचा. तिथे ग्राफिक्स कार्ड मध्ये येतं, म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

हा कागद महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या गटात लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्यातलं अंतर अनेकदा नगण्य असतं आणि दुसऱ्या गटात ते दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. एकटा कोअर पूर्ण वेगाने पळवायला वीज फार लागत नाही, ती लॅपटॉपही देऊ शकतो. सगळे कोअर एकदम पळवायचे म्हटल्यावर लॅपटॉपचा हात आखडतो.

## टप्पा २: नावाची फोड करा

इंटेलचे आय५, आय७ आणि एएमडीचे रायझन ५, रायझन ७ या विक्रीच्या पायऱ्या आहेत. त्या एकाच प्रकारच्या आणि एकाच पिढीच्या चिपांमध्येच तुलनेला लागू पडतात. खरी माहिती पुढच्या अंकांत आणि शेवटच्या अक्षरात असते.

इंटेलमध्ये अक्षर यू असेल तर पातळ लॅपटॉपची कमी विजेवर चालणारी चिप. एच म्हणजे जाड लॅपटॉपची, आणि एचएक्स म्हणजे जवळपास डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपात बसवलेली. के म्हणजे गुणक खुला असलेली, म्हणजे वेग हाताने वाढवता येणारी डेस्कटॉप चिप, एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेली, टी म्हणजे कमी विजेची डेस्कटॉप चिप. हे अक्षर न वाचता ‘तेराव्या पिढीचा आय७’ एवढंच म्हणणं म्हणजे गाडीचा रंग सांगून वेग विचारण्यासारखं आहे.

एक जोडी घेऊ. लॅपटॉपातला कोअर आय७-१३५५यू आणि डेस्कटॉपातला कोअर आय५-१३४००. दोन्ही तेराव्या पिढीचे, दोन्हींवर ‘१० कोअर’ लिहिलेलं. कमाल क्लॉक (कोअरचा वेग) लॅपटॉपच्या आय७चा ५.० गिगाहर्ट्‌झ आणि डेस्कटॉपच्या आय५चा ४.६. खोक्यावरून निकाल लावायचा तर लॅपटॉप जिंकला.

आता आत बघा. आय७-१३५५यूमध्ये २ परफॉर्मन्स कोअर (वेगवान) आणि ८ एफिशियन्सी कोअर (कमी विजेवर चालणारे, हळू) आहेत, थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) १२. आय५-१३४००मध्ये ६ परफॉर्मन्स आणि ४ एफिशियन्सी, थ्रेड १६. पहिल्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, दुसऱ्याची ६५. एक कोअर वापरणाऱ्या कामात या दोघांत फार अंतर पडत नाही. पण तासभराचं रेंडरिंग लावलं तर आय५ पार पुढे निघून जातो. ५.० गिगाहर्ट्‌झ हा आकडा खोटा नाही, पण तो एखाद-दुसऱ्या कोअरला थोडा वेळ मिळणारा वेग आहे.

एएमडीकडे वेगळा सापळा आहे. लॅपटॉपांच्या ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक चिपची रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. म्हणून रायझन ५ ७५२०यू हा झेन २ रचनेचा (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव, अंक मोठा तितकी ती नवी), ७५३०यू झेन ३चा आणि ७५४०यू झेन ४चा. दुकानात तिघेही शेजारी शेजारी ‘रायझन ५, ७००० मालिका’ म्हणून उभे असतात. शिवाय ७५२०यूमध्ये कोअर ४ आणि ७५३०यूमध्ये ६. आणखी गंमत म्हणजे डेस्कटॉपच्या ७००० मालिकेला हा नियम लावायचा नाही. रायझन ५ ७६००चा तिसरा अंक शून्य असला तरी तो झेन ४च आहे.

तपासा: दोन्ही चिपांचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, दोन्ही प्रकारच्या कोअरची संख्या वेगवेगळी, थ्रेड आणि एल३ कॅश (चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी), एवढं कंपनीच्या अधिकृत पानावरून उतरवून घेतलंत का? ‘एकूण कोअर’ हा एकच आकडा लिहिला असेल तर खोडा.

## टप्पा ३: वीजमर्यादा शोधा

बहुतेकांची तुलना इथेच फसते.

इंटेलच्या प्रोसेसरला मुख्यतः दोन मर्यादा असतात. पीएल१ ही दीर्घकाळ चालवायची मर्यादा, पीएल२ थोड्या वेळासाठी मिळणारी वरची मर्यादा. पीएल२वर किती वेळ राहायचं याला टाऊ म्हणतात आणि तो साधारण काही सेकंद ते मिनिटभर असतो. आय७-१३५५यूसाठी इंटेलने दिलेले आकडे १५ आणि ५५ वॅट. म्हणजे पहिले काही सेकंद चिप ५५ वॅटपर्यंत झेप घेऊ शकते आणि मग खाली येते. जी चाचणी त्या झेपेतच संपते, तिचे गुण लॅपटॉपला चढवून दाखवतात.

त्यावर पुन्हा लॅपटॉप बनवणारी कंपनी या मर्यादा आपल्या पंख्याप्रमाणे बदलते. तीच चिप एका लॅपटॉपात १५ वॅटवर स्थिरावते, दुसऱ्यात २८वर. म्हणून ‘१३५५यूचे गुण किती?’ या प्रश्नालाही एक उत्तर नसतं, कोणत्या लॅपटॉपातल्या असं विचारावं लागतं.

डेस्कटॉपही सोवळा नाही. आय७-१३७००केची मूळ मर्यादा १२५ वॅट आणि वरची २५३ वॅट, पण अनेक मदरबोर्ड आपणहून या मर्यादा सैल करून ठेवतात. एएमडीच्या डेस्कटॉप चिपवर लिहिलेला टीडीपी (कंपनीने नेमलेला वॅटचा आकडा) हाही प्रत्यक्ष वापर नव्हे. एएम५ सॉकेटवर १०५ वॅट टीडीपी असलेल्या चिपला सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घेण्याची मुभा असते आणि ६५वाल्याला ८८.

हे आकडे अंदाजाने लिहायचे नाहीत, मोजायचे. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा मोजणीचा प्रोग्रॅम ‘फक्त सेन्सर’ या पर्यायाने उघडा. त्यात सीपीयू पॅकेज पॉवर (पूर्ण चिप घेत असलेली वीज), पीएल१ आणि पीएल२च्या चालू मर्यादा, तापमान आणि थ्रॉटलिंगच्या (चिपने आपणहून वेग कमी केल्याच्या) नोंदी दिसतात. लिनक्सवर टर्बोस्टॅट हेच काम करतं.

सावधान: डेस्कटॉपात इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी असेल तर आधी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. या चिपांमधल्या जास्त व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोडच्या (चिपच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. बायोसमध्ये इंटेलची डीफॉल्ट सेटिंग निवडा आणि मगच आकडे घ्या. जुन्या बायोसवरचे गुण तुलनेत धरू नका.

## टप्पा ४: दोन्ही यंत्रं एका पातळीवर आणा

चाचणीपेक्षा या तयारीला जास्त वेळ लागतो, आणि लागू द्या.

लॅपटॉप त्याच्या मूळ चार्जरवर लावा. माझा एक अख्खा दिवस यात वाया गेला आहे: हाताशी होता म्हणून ४५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर लावला, विंडोज ‘चार्जिंग चालू’ म्हणत राहिलं आणि प्रोसेसर आतल्या आत वीज कापत राहिला. तीन वेळा थर्मल पेस्टला (चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाला) शिव्या घातल्यावर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये सर्वोत्तम कामगिरीचा पर्याय निवडा. तेवढं पुरत नाही, लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं अॅप असतं, त्यातला सायलेंट किंवा बॅलन्स्ड मोडही बदला. खरी वीजमर्यादा पुष्कळदा तिथून ठरते. बॅटरीवर वापरायचा लॅपटॉप असेल तर बॅटरीवरची चाचणी नंतर वेगळी घ्या, दोन्ही आकडे एका रकान्यात मिसळू नका.

मेमरी बघा. लॅपटॉपात रॅमची एकच पट्टी असेल तर तो सिंगल चॅनलवर चालतो आणि मेमरीवर अवलंबून असलेल्या कामांत मागे पडतो. त्यात प्रोसेसरचा काहीच दोष नसतो. सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबवर चॅनल दिसतात. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅममध्ये एकाच पट्टीत ३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात, त्यामुळे तिथे ‘२ x ३२ बिट’ दिसलं तर ड्युअल चॅनल समजून खूश होऊ नका. दोन पट्ट्यांना ‘४ x ३२ बिट’ दिसतं.

बाकीचं पटापट: दोन्हींवर ऑपरेटिंग सिस्टीमची तीच आवृत्ती. दोन प्रकारच्या कोअरचे इंटेल प्रोसेसर असतील तर विंडोज १० ऐवजी ११ घ्या, कारण कोणतं काम कोणत्या कोअरला द्यायचं ते ११ला नीट कळतं. अपडेट पूर्ण करून रीस्टार्ट करा आणि दहा मिनिटं थांबा, तोवर टास्क मॅनेजरमधला वापर एक-दोन टक्क्यांवर आला पाहिजे. क्लाउड सिंक बंद. लॅपटॉप गादीवर नाही, टेबलावर. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत, आणि खोलीचं तापमान टिपून ठेवा.

## टप्पा ५: चाचण्या निवडा

एक छोटी, एक लांब आणि एक तुमच्या स्वतःच्या कामाची. तीन पुरतात.

छोटीसाठी गीकबेंच ६ चालेल. तिचे विभाग थोडक्यात आटोपतात आणि मध्ये विश्रांती असते, त्यामुळे लॅपटॉपला घाम फुटायच्या आत ती संपते. रोजच्या फुटकळ कामांचा अंदाज घ्यायला ती बरी, लांब रेंडरिंगसाठी निरुपयोगी. गीकबेंच ५चे गुण गीकबेंच ६शेजारी मांडू नका. ५मध्ये १००० गुणांची पायरी कोअर आय३-८१००वर बेतली होती, ६मध्ये २५०० गुणांची पायरी कोअर आय७-१२७००वर. मोजपट्टीच वेगळी आहे. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांचंही तसंच.

लांब चाचणीसाठी सिनेबेंच आर२३. तिचा किमान कालावधी मुळात १० मिनिटांचा असतो. घाई आहे म्हणून तो एका फेरीवर आणू नका, ती दहा मिनिटं हीच तर परीक्षा आहे. लॅपटॉपसाठी ३० मिनिटांचा पर्याय त्याहून चांगला.

स्वतःच्या कामाची चाचणी सर्वांत मोलाची. तुमचीच एक व्हिडिओ फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये घालून स्टॉपवॉच लावा, किंवा तुमचा प्रकल्प सुरुवातीपासून कंपाइल करा. व्हिडिओत मात्र एक खड्डा आहे. एन्कोडर म्हणून क्विकसिंक किंवा एनव्हीएन्क निवडलं गेलं असेल तर काम हार्डवेअर एन्कोडर करतो आणि प्रोसेसरचे कोअर जवळजवळ मोकळे बसतात. कोअर तपासायचे तर दोन्हीकडे एक्स२६४ किंवा एक्स२६५ हे कोअरवर चालणारे एन्कोडर आणि तोच प्रीसेट (तयार सेटिंग).

फाइल काँप्रेशन रोजचं असेल तर सेव्हन-झिपच्या टूल्स मेनूतला बेंचमार्क घ्या, पण डिक्शनरीचा आकार दोन्हींवर सारखा ठेवा. गेमसाठी रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची अडचण बाजूला होते आणि प्रोसेसरचा वेग उघडा पडतो.

थांबा: विंडोज-ऑन-आर्म लॅपटॉप (इंटेल-एएमडीहून वेगळ्या, आर्म रचनेच्या चिपचा) किंवा एम मालिकेचा मॅक तुलनेत असेल तर चाचणी त्या चिपसाठी मूळ बनलेली आहे की भाषांतराच्या थरावर (दुसऱ्या चिपसाठीचा प्रोग्रॅम बदलून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालते आहे, ते आधी बघा. तो थर वेग खातो. दोष चिपवर ढकलू नका.

## टप्पा ६: प्रत्यक्ष चाचणी, याच क्रमाने

१. यंत्र थंड असताना एक-कोअर चाचणी. लांब चाचणी आधी घेतली तर तापलेल्या लॅपटॉपवर एक-कोअरचे गुणही पडतात.

२. दहा मिनिटं विश्रांती, मग छोटी सर्व-कोअर चाचणी.

३. पुन्हा विश्रांती, मग लांब चाचणी. एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग सुरू ठेवून.

४. शेवटी तुमचं काम, तीन वेळा.

लांब चाचणीत एकाच अंतिम गुणावर समाधान मानू नका, सुरुवात आणि शेवट दोन्ही टिपा. समजा पहिल्या फेरीला ११,२०० गुण आले आणि अर्ध्या तासानंतरच्या फेरीला ८,४००. म्हणजे यंत्र आपल्या झेपेच्या ७५ टक्क्यांवर स्थिरावलं. लांब कामासाठी तुमचा लॅपटॉप ८,४००चा आहे, ११,२००चा नाही. चांगल्या कूलरच्या डेस्कटॉपात हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात.

मग लॉग उघडून घसरण कशामुळे झाली ते बघा. तापमान १०० अंशांना टेकलं असेल तर थंडावा कमी पडतो आहे: धूळ, वाळलेली पेस्ट किंवा मुळातच छोटा पंखा. तापमान ७५ला आणि वॅट बरोबर पीएल१वर अडकलेले असतील तर मर्यादा कंपनीने घातली आहे, पंखा साफ करून काहीही हाती लागणार नाही. या दोन दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक सर्रास एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

सावधान: चाचणी चालू असताना तिची खिडकी मिनिमाइझ करून दुसरं काही उघडू नका. दोन प्रकारच्या कोअरच्या प्रोसेसरवर विंडोज मागे गेलेलं काम एफिशियन्सी कोअरकडे ढकलू शकतं. मग गुण निम्म्यावर आले तरी नवल नाही.

गेमिंग लॅपटॉप असेल तर आणखी एक फेरी घ्या, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम राबवून. दोघांचा पंखा आणि विजेचा वाटा बहुधा सामाईक असतो. एकट्याने ६५ वॅट घेणारा प्रोसेसर ग्राफिक्स जागं झालं की बराच खाली येतो.

## टप्पा ७: आकड्यांचं गणित

तीन फेऱ्यांतला मधला आकडा घ्या. सर्वांत चांगला नाही, तो मोह प्रत्येकाला होतो. फेऱ्यांमध्ये दोन-तीन टक्के फरक नेहमीचा आहे, त्यामुळे दोन यंत्रांत तेवढाच फरक असेल तर ती बरोबरी धरा. त्याच यंत्राच्या फेऱ्यांत दहा टक्क्यांचा फरक पडत असेल तर मागे काहीतरी चालू आहे. चौथ्या टप्प्याकडे परत जा.

टक्केवारीत घोळ हमखास होतो. समजा तुमची फाइल डेस्कटॉपवर ४१२ सेकंदांत झाली आणि लॅपटॉपवर ६१८ सेकंदांत. डेस्कटॉप ५० टक्के वेगवान आहे. लॅपटॉप मात्र ५० टक्के नाही, ३३ टक्के हळू आहे. दोन्ही विधानं बरोबर, पाया वेगळा. वाद टाळायचा तर सरळ ‘लॅपटॉपला दीडपट वेळ लागतो’ असं लिहा. शिवाय गुण जास्त तर चांगले आणि सेकंद कमी तर चांगले, म्हणून दोन्ही एका तक्त्यात मांडताना सेकंदांचं गुणोत्तर उलटं करून घ्या.

अनेक चाचण्यांची मिळून सरासरी काढायची असेल तर साधी सरासरी नको. एका चाचणीत अ हा ब पेक्षा दुप्पट आणि दुसरीत निम्मा असेल, तर गुणोत्तरं २ आणि ०.५. साधी सरासरी १.२५, म्हणजे अ पुढे. आता ब ला पुढे ठेवून तेच गणित करा, पुन्हा १.२५, म्हणजे ब पुढे! गुणोत्तर मध्य, म्हणजे दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ, काढला की १ येतो. खरं उत्तर तेच.

वेगासोबत विजेचाही हिशेब मांडा. वरच्याच उदाहरणात डेस्कटॉपच्या प्रोसेसरने सरासरी १४० वॅट घेतले आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरने ४५, असं धरू. ४१२ सेकंदांना १४०ने गुणून ३६००ने भागलं की सुमारे १६ वॅट-तास. लॅपटॉपचे ७.७. वेळ दीडपट, वीज निम्म्याहून कमी. हा आकडा फक्त चिपचा आहे. पूर्ण यंत्राचा हवा असेल तर भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावा, आणि तेव्हा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, नाहीतर तिचं चार्जिंगही मोजलं जातं.

## टप्पा ८: यंत्र हाताशी नसेल तर

विकत घेण्याआधी दोन्ही यंत्रं टेबलावर मिळणं कठीणच. मग इतरांचे आकडे वाचावे लागतात. पासमार्कसारख्या संग्रहात हजारो लोकांच्या यंत्रांचे गुण एकत्र केलेले असतात. त्यात चांगला पंखा, वाईट पंखा, एक पट्टी, दोन पट्ट्या सगळं मिसळलेलं. ढोबळ चाळणी म्हणून ठीक, लॅपटॉप निवडायला नाही.

लॅपटॉपसाठी चिपचा नव्हे, त्याच मॉडेलचा रिव्ह्यू शोधा. त्यात तीन गोष्टी असायला हव्यात: लांब चाचणीचा आलेख, स्थिरावलेले वॅट आणि चाचणी कोणत्या मोडमध्ये घेतली त्याची नोंद. तिन्ही नसतील तर तो रिव्ह्यू कीबोर्ड आणि स्क्रीनची माहिती म्हणून वाचा. डेस्कटॉपच्या रिव्ह्यूत मदरबोर्डच्या मर्यादा खुल्या होत्या का आणि कूलर कोणता होता ते बघा. ३६० मिलिमीटरच्या लिक्विड कूलरवर आलेले गुण छोट्या पंख्यावर मिळणार नाहीत.

यंत्र घरी आलं की पहिल्याच आठवड्यात चौथा आणि सहावा टप्पा करून तक्ता जपून ठेवा: तारीख, बायोसची आवृत्ती, खोलीचं तापमान, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे गुण, स्थिर वॅट. वर्षभराने ‘हल्ली हळू झालाय’ असं वाटलं तर तीच चाचणी पुन्हा लावा. पहिली फेरी तेवढीच आणि शेवटची पडलेली असेल, तर नवा प्रोसेसर शोधण्याआधी मागची झाकणपट्टी उघडून पंख्यातली धूळ काढा.